पेशीची टोपी

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत माझं काम अंडी बघण्याचं. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आतलं पिल्लू हलतंय का बघायचं, मेलेलं बाजूला काढायचं. लग्न होऊन देवगडकडून इतक्या लांब आले, नवऱ्याची नोकरी सुटली, तेव्हा प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांनीच मला ठेवून घेतलं. शिक्षण सातवी. ते उपकार मी अजून मानते. म्हणूनच हे लिहिताना हात अडतो.

ऐंशीनंतरची गोष्ट. डॉक्टर एका मासिकासाठी मराठीत लेख लिहीत होते. मसुद्यात शब्द होता ‘शीर्षावरण-अपहरण’.

“वाच अन् सांग, समजते का.”

“नाही सर.”

मग त्यांनी तोंडी सांगितलं. विषाणूचा मजकूर आठ तुकड्यांत, तोही उलटा लिहिलेला. पेशीच्या कारखान्याला तो वाचता येत नाही, म्हणून सुलटी नक्कल काढावी लागते. पण पेशी कारखान्याला जे निरोप धाडते, त्यांच्या डोक्यावर एक खूण असते. ती दिसली तरच कारखाना काम सुरू करतो. विषाणूकडे ती खूण नाही. तो पेशीच्या निरोपाचं डोकंच खुणेसकट छाटतो आणि त्याला जोडून आपली नक्कल लिहीत जातो.

“मग टोपी म्हणा की सर. पेशीची टोपी घालतो आणि पेशीलाच टोपी घालतो.”

डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. माझ्याबरोबर काम करणाऱ्या भिवापूरच्या मावशी म्हणाल्या, “सर, हिले मास्तरीण करा आता.”

विषाणू दुसरीही एक नक्कल काढतो, बिनटोपीची, या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी. ती कारखान्यात जात नाही. तिच्यावरून पुन्हा उलट्या प्रती निघतात, नव्या विषाणूंत भरायला. मी म्हटलं, “म्हणजे एक कामाला पाठवायची, एक ठेवणीतली.” डॉक्टरांनी तेही टिपलं. “लेखाखाली तुझं नाव टाकतो,” म्हणाले.

मी लगेच गावच्या शाळेतल्या बाईंना कार्ड टाकलं. मला शाळेतून काढलं तेव्हा याच बाई दोनदा घरी येऊन वडिलांची मनधरणी करून गेल्या होत्या. उलट टपाली उत्तर आलं: “अंक पाठव. वर्गात वाचून दाखवीन.”

अंक आला. ‘टोपी घालणारा विषाणू’. खाली एकट्या डॉक्टरांचं नाव. आत लिहिलेलं, “आमच्याकडच्या एका निरक्षर बाईलाही कळावं म्हणून मी तिला म्हणालो,” आणि पुढे माझी दोन्ही वाक्यं.

“काहून वं, तोंड काहून उतरलं?” मावशींनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

“निरक्षर? अन् हे वाचून कोन राहिलं मग?”

मी डॉक्टरांकडे गेले. “सर, मला वाचता येतं.”

“अगं, लेखात तसं बरं दिसते. मनावर नको घेऊ. तुझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद पाठवायचा आहे, उद्या आठवण कर.”

धमकी नव्हती ती. खरंच काळजीनं म्हणाले. तेच जास्त लागलं. मी “थँक यू सर” म्हणून बाहेर आले, आणि दुसऱ्या दिवशी आठवणही केली.

बाईंना लिहिलं, अंक निघायला उशीर आहे. दिवाळीनंतर त्यांचं पुन्हा कार्ड आलं. मग लिहिलं, मासिकच बंद पडलं. बाईंनी कार्डातच मासिकवाल्यांना चार शब्द सुनावले आणि मला लिहिलं, “लिहीत राहा, दुसरे छापतील.”