लव्हायनाचा होकार

लव्हायना हॅझन गेल्याला आता दोन वर्षं झाली. गावात तिची ओळख विचारलीत तर लोक सांगतील, गिरणीवाल्या टटलची बायको, चीज फार सुरेख करायची. ती गोष्टी लिहायची हे कोणी सांगणार नाही. त्याला कारण मी आहे, म्हणून मीच सांगते.

आमच्या वेस्ट फेल्टनचा साप्ताहिक पेपर माझे ऑरिनकाका काढायचे. आई गेल्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं आणि छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसवलं. व्हरमाँटच्या त्या कोपऱ्यात स्वतःच्या कमाईची भाकरी खाणारी बाई मीच एकटी, आणि त्याचा मला भलताच ताठा होता. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लव्हायना एकोणतीसची. आईमागे तिने चार भाऊ वाढवले, बाप सांभाळला. दुपारी दूध विरजलं की चीजच्या खोलीत टब पालथा घालून त्यावर लिहायला बसायची. बोलायला मात्र अगदी मुखदुर्बळ. बापाचा आवाज चढला की हिचे शब्द घशातच राहायचे.

तिच्या पाच गोष्टी आम्ही छापल्या होत्या. पाचांतही बाई शेवटी एकटीच राहायची, आणि वर खुशीत राहायची.

"परत बिनलग्नाची?" काका कपाळाला हात लावायचे. "अगं, हिला एकदा तरी कोणाला उजवायला सांग! वर्गणीदारांच्या बायका वाचतात, त्यांच्या डोक्यात नसतं खूळ भरायला नको."

मार्चमधल्या त्या बुधवारी मी तिची सहावी गोष्ट जुळवत होते. एका बाईच्या दारात एक विधुर येतो, मागणी घालतो. ती नाही म्हणते, दार लावते आणि आत येऊन आपल्या शांत स्वयंपाकघरात बसते. तेवढ्यात यकृताच्या गोळ्यांची मोठी जाहिरात आली आणि माझ्या रकान्यात चारच ओळींची जागा उरली.

"शेपूट छाट," काका म्हणाले, "आणि काय ते चार ओळींत आटप."

मी आटपलं. बाईने दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि जूनमध्ये त्यांचं लग्न झालं. माझं लिहिलेलं पहिल्यांदाच छापून येणार होतं. खोटं कशाला बोलू, मी जाम खूश होते.

शुक्रवारी सकाळी एल्काना टटल छापखान्यात आला. पन्नाशीचा माणूस, बायको जाऊन वर्ष झालेलं, आणि गडी तेव्हापासून गुडघ्याला बाशिंग बांधून फिरत होता. अंगात रविवारचा कोट.

"आणखी सहा अंक द्या," तो म्हणाला. "लव्हायनाने मला हो म्हटलंय!"

"कधी?" काकांनी विचारलं.

"काल, तुमच्या पेपरात! मी विचारलं तर तोंडाने बोलेना. म्हणाली, गुरुवारी माझी गोष्ट वाचा, उत्तर त्यात आहे. वाचली. आता लग्नाची नोंद करायला थेट टाउन क्लार्ककडे निघालोय."

"बघ हिटी," काका मला हसून म्हणाले, "आपला पेपर लग्नं जमवायला लागला!"

तो होकार माझा होता, आणि शेवट मी उलटा केल्याचं काकांना ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी मयताच्या बातमीत नाव चुकलं म्हणून काकांनी बारा वर्षं काम केलेल्या कामगाराला उभ्या उभ्या हाकललं होतं. मी तोंडात गुळणी धरून खिळे लावत राहिले.

त्या रविवारी चर्चच्या दारावर चिठ्ठी लागली: एल्काना टटल आणि लव्हायना हॅझन विवाह करू इच्छितात. आमच्याकडे अशी चिठ्ठी तीन रविवार राहते, कोणाची हरकत असेल त्याने तेवढ्यात सांगायचं. लव्हायनाच्या बापाने पायरीवरच टटलचा हात धरून हलवला. बाया तिला मिठ्या मारत होत्या आणि ती पांढरीफटक उभी होती.

सोमवारी ती छापखान्यात आली. काका जेवायला गेले होते.

"माझे कागद आहेत का गं?" तिने विचारलं. "शेवटचं पान तरी?"

कागद माझ्या खणात होते. तिच्या हस्ताक्षरातला नकार कोणालाही दाखवता आला असता.

"नाहीत गं," मी म्हणाले. "जुळवून झालं की आम्ही चुलीत घालतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. पुढचे दोन रविवार मी मान खाली घालून त्या दारातून आत गेले. हरकत कोणीच घेतली नाही.

टटल वाईट नव्हता हो. त्याने कधी हात उगारला नाही, नवी शेगडी घेतली, बाजाची पेटी घेतली. तिची ती गोष्ट त्याने पेपरातून कापून चौकटीत बसवली आणि बैठकीत लावली. पाहुणा आला की शेवटच्या चार ओळी मोठ्याने वाचून दाखवायचा, "बघा, असं पटवलं मी हिला!" ती कॉफी ओतत असायची. बावीस वर्षं तिने त्या चौकटीवरची धूळ पुसली. गोष्ट पुन्हा एकही लिहिली नाही. मी मागितली तर म्हणायची, "वेळ कुठंय गं?"

टटलला पुरून आलो त्या दुपारी मी तिच्याकडे कपबशा विसळायला थांबले. बाकीच्या बाया गेल्या. माझ्याच्याने राहवेना. ओळी माझ्या होत्या, कागद खणात होते, सगळं एका दमात सांगून टाकलं आणि रडले.

लव्हायना कप पुसत होती, ती थांबलीसुद्धा नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "काकांना कुठलं गं असलं गोडगोड लिहायला येतं? आणि तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात."

"मग बोलली का नाहीस? नुसतं बापाला सांगायचं!"

"सांगितलं असतं तर काकांनी तुला त्याच दिवशी घालवलं असतं. मग तू कोणाच्या तरी चुलीपाशी, नाहीतर कोणाच्या तरी गळ्यात. आपल्या हाताने जगणारी गावात एक होतीस. तीही माझ्यापायी जावी?" तिने कप फळीवर ठेवला. "शिवाय तीन रविवार होते की. मला वाटायचं, आपणहून येशील."

मी गेले होते तिच्याकडे. लग्नाच्या दिवशी, सगळ्या गावाबरोबर. आणि केक दोनदा मागून खाल्ला होता.