बिडी सोडा, दोनशे घ्या

घ्या, चहा घ्या. पण घोट जरा जपून घ्या, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून भल्याभल्यांना ठसका लागलाय. माझी फजिती करायला आजवर कितीतरी जण टपले होते. जमलं कोणाला? फक्त मला!

नांदुऱ्यात माझं धान्याचं गोडाऊन आहे. शाळा सातवीत सुटली, पण सोयाबीनचा दाणा दाताखाली धरला की त्यात ओल किती ते सांगतो. माणसाचंही तसंच ओळखतो, असा आपला माझा समज! पोती उचलायला चार हमालांची टोळी आहे. किसनमामा तिचे मुकादम. वीस वर्षं माझ्याकडे आहेत. माणूस सोन्यासारखा, पण खोकला असा की बाहेरच्या ट्रकवाल्याला वाटावं, आपलंच इंजिन सुरू झालं.

डॉक्टरनं मामांना साफ सांगितलं, "बिडी सोडा, नाहीतर काम सोडा." मामांची लेक नर्सिंगला शिकतेय. काम सोडून कसं चालेल? आणि बिडी तर सुटता सुटेना.

मग माझं व्यापारी डोकं चाललं. चौघांना बोलावलं आणि चौघांच्या बिड्यांची बंडलं काडेपेट्यांसकट काढून घेतली. सगळ्यांसमक्ष माझ्या जाकिटाच्या खिशात टाकली आणि म्हणालो, "आठवडाभर बिडी नाही ओढली तर शनिवारी प्रत्येकाला दोनशे रुपये बक्षीस. पण एकानं जरी ओढली तर चौघांचेही गेले!"

असं का? अहो, टोळीची मजुरी एकत्र येते आणि सारखी वाटली जाते. मग बक्षीसही तसंच! आपोआप एकमेकांवर नजर ठेवतील. आहे की नाही हुशारी?

वर आणखी छाती फुगवून सांगितलं, "मी दहा वर्षांमागं सोडली. एका दिवसात! मन घट्ट पाहिजे."

पहिला शनिवार आला. गोडाऊनच्या मागं भिंतीपाशी एक थोटूक सापडलं. लाल दोऱ्याचं. चौघांत लाल दोऱ्याची बिडी ओढणारे एकटे किसनमामा.

"मामा, हे काय हो?" गजू ओरडला. टोळीतला सगळ्यात तिखट जिभेचा तोच.

"लेकीची आण, म्या हात बी नाही लावला."

"मंग थोटूक काय पाय लावून आलं?"

बक्षीस गेलं. दुसऱ्या शनिवारी तीन थोटकं. तिसऱ्या शनिवारी पाच! आता टोळीनं मामांशी बोलणंच टाकलं. गजू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "शेटजी, एकतर मामा राह्यतीन, नाहीतर आमी तिघं."

पोतं ओढायचा लोखंडी आकडा मामांनी माझ्या टेबलावर ठेवला. "टोळीचा माह्यावर भरोसा नाही जी. मंग पोतं कोणाच्या भरोशावर उचलू?"

आणि मी माणसं ओळखणारा शहाणा! म्हणालो, "मामा, चार दिवस घरी बसा. खरं बोलावंसं वाटलं की या."

सोमवारी सकाळी अकोल्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. भाव घसरत होता. गोडाऊनच्या मागं येरझारा घालत मी बोलत होतो. बोलता बोलता मामांचा विषय निघाला. "काय सांगू, वीस वर्षांचा माणूस, आणि बिडीसाठी खोटं बोलतो! ज्याचा स्वतःच्या हातावर ताबा नाही, त्याला आपण..."

समोर मामांची बायको गयाबाई उभी. नाकाला पदर.

"शेटजी."

"थांबा गयाबाई, फोनवर आहे."

"बोला ना जी, सावकाश बोला. पण आधी तोंडातली काढा. जाकीट जळन."

मी खाली पाहिलं. बिडी! पेटलेली. लाल दोऱ्याची!

खिसा चाचपला. चार बंडलांतली तीन जशीच्या तशी. मामांचं वरचं, तेवढं अर्धं रिकामं. आता तुम्ही म्हणाल, माणसाला आपण बिडी ओढतो हे कळत कसं नाही? खरंच नाही कळलं हो! भाव पडला की हात खिशात, भाव चढला की हात खिशात. आणि त्या तीन आठवड्यांत भाव मेला एका जागी बसलाच नव्हता.

फोन तसाच बंद केला. आकडा उचलला, गयाबाईंना स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट मामांच्या दारात. त्यांच्या हातात आकडा दिला आणि सगळं सांगून टाकलं. मान काही वर होईना.

मामा असे हसले, असे हसले, की मला वाटलं आता खोकल्याची उबळ येणार. आली नाही! तीन आठवडे त्या माणसानं खरंच बिडी सोडली होती.

बाकी तिघांनाही तिथंच बोलावून घेतलं आणि तिन्ही आठवड्यांचं बक्षीस चौघांना तिथल्या तिथं चुकतं केलं. गजूनं मामांचे पाय धरले. पण प्रकरण मिटतंय कुठे?

"शेटजी, आजपासून तुमी बी टोळीत," मामा म्हणाले. "हप्ताभर नाही ओढली त आमी चौघं मिळून तुमाले पन्नास देऊ."

"पन्नासच?"

"इथं बी भाव करून राह्यले काय जी?" गजू म्हणाला. "अन् ध्यानात ठेवा, तुमी ओढली त आमचे बी गेले. मंग पाहा!"

काय सांगू, ते सहा दिवस! चौघं आळीपाळीनं माझ्यासोबत फोनवर. म्हणजे मी बोलायचो, ते हात बघायचे.

शनिवारी मी पास झालो. लाखाचे सौदे केले, पण त्या पन्नासच्या नोटेइतका आनंद कशाचा झाला नाही. घरी गेलो आणि बायकोसमोर नोट नाचवली. "बघ, बक्षीस मिळालं!"

"कशाचं?"

"बिडी सोडल्याचं!"

तिच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "बिडी? तुम्ही त दहा वर्षांमागं सोडली होती ना?"

तेव्हापासून आमच्या घरीही एक योजना सुरू आहे. तिच्यात बक्षीस नाही. पन्नासची नोट मात्र पहिल्याच दिवशी जमा करून घेतली.