बघू म्हणता म्हणता

आमच्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत ती दिवसभर उन्हात उभी असते. दुपारी दार उघडलं की तापलेल्या प्लास्टिकचा, कोऱ्या रेक्झिनचा आणि डॅशबोर्डवर दसऱ्याला वाहिलेल्या, आता सुकून करकरीत झालेल्या झेंडूचा मिळून एक वास भपकन अंगावर येतो. नव्या गाडीचा वास म्हणे लोकांना फार आवडतो. मला त्या वासानं चिडचिड होते. गाडीवर नाही, ती बिचारी गुणी आहे. पहिल्या सेल्फला चालू होते, लहानशा बोळात वळते, पेट्रोलही जपून पिते. चिडचिड होते ती ही एवढीशी गाडी निवडायला मी जे सहा महिने घालवले त्यांच्यावर. म्हणजे माझ्यावरच.

तुम्ही कधी सहा लाखांच्या आतली, लहान आणि कमी पेट्रोल खाणारी गाडी घ्यायला निघाला आहात का? निघाला असाल तर तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. गाडी घ्यायची आहे असं एकदा तोंडातून निघालं, की ज्यानं आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलेलं नाही तोही तज्ज्ञ होतो. शेजारी म्हणाले, सीएनजी घ्या. मेहुणा म्हणाला, सीएनजीची टाकी डिकी खाते, पिशवी ठेवायला जागा उरत नाही, त्यापेक्षा जुनी डिझेल घ्या. कंपनीतल्या एकानं मला तासभर समोर बसवून बॅटरीच्या गाडीचे गुण सांगितले आणि शेवटी स्वतः मात्र पेट्रोलचीच घेतल्याचं कबूल केलं. शोरूमवाल्यांचं तर विचारू नका. जालना रोडवर जितकी शोरूम आहेत तितके चहा मी प्यायलो. पोस्टरवर एक किंमत, तोंडी दुसरी, आणि विमा, नोंदणी, मॅट, मडफ्लॅप असं करत कागदावर आणखी तिसरीच. त्यात एकदा फोन नंबर दिला की झालं; जेवताना फोन, आंघोळीला गेलो तरी फोन. "सर, मग कधी येताय?"

आणि ह्या सगळ्यात माझा आपला एकच प्रश्न, "किती देते?" आमच्याकडे हा प्रश्न मुळात म्हशीचा. बाजारात म्हशीच्या कासेला हात लावून विचारतात, किती देती? तोच प्रश्न आता गाडीला लागू झाला आहे, लिटरचा हिशेब मात्र उलटा. एक गाडी बावीस देते, दुसरी चोवीस. मग चोवीसवालीचा पत्रा पातळ. बावीसवालीची सीट बुटकी. मी रोज कंपनीतून आलो की मोबाइलवर त्याच चार गाड्यांचे तेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत बसायचो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "अहो, गाडी बघताय का पोरीला स्थळ? अन् स्थळ तरी चार महिन्यांत ठरतं!" मी म्हणालो, "बघू."

बघू. हा शब्द माझा आवडता. त्यात नकार नाही, होकारही नाही, आणि समोरच्याला राग धरायला जागाही नाही. पण हे प्रकरण चालू झालं ते ज्यांच्यामुळं, त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय ह्या शब्दावरचा माझा राग तुम्हाला कळणार नाही.

माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. फुलंब्री ते शहर ह्या रस्त्यावर त्यांनी हयातभर माणसं भरून नेणारी काळी-पिवळी जीप चालवली. जीप त्यांची नव्हती. मालक वेगळा, आणि तो संध्याकाळी पहिला प्रश्न करायचा तो हाच: आज किती दिलं? जो ड्रायव्हर कमी डिझेलमध्ये जास्त पळवील तो टिकेल, असा सरळ मामला होता. अण्णा टिकले ते वाटेतल्या चौक्याच्या घाटामुळं. उतार लागला की त्यांचा डावा हात आपसूक गिअरवर जायचा. ते जीप न्यूटल करायचे आणि वर चावी फिरवून इंजिनही बंद करून टाकायचे. न्यूट्रल हा शब्द आमच्या रस्त्यावर कुणीच कधी पुरा म्हटला नाही.

सुट्टीत मी त्यांच्याशेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत बसायचो, म्हणून ते क्षण मला अजून लख्ख आठवतात. इतका वेळ इंजिनच्या घरघरीत सगळे ओरडून बोलत असायचे. ती घरघर एकदम थांबायची आणि बेसावध माणसांची वाक्यं उघडी पडायची. कुणी सुनेबद्दल बोलत असायचं, कुणी पाहुण्याच्या उधारीबद्दल, आणि ते सगळ्या जीपला ऐकू जायचं. मग हसणं, मग फक्त वारा आणि टायरचा आवाज. मागून एखादी आजीबाई हमखास ओरडायची, "आरं बाबा, बंद काहून केली? बिरेक लागंल ना?" अण्णा मागं न बघता म्हणायचे, "लागंल मावशी. निवांत बस." इंजिन बंद असताना ब्रेक जड होतो, हे त्यांना माहीत होतं, ते आधीपासूनच हळूहळू पाय दाबत यायचे. धोक्याचंच काम ते. आज कुणी तसं केलं तर मी त्या गाडीतून उतरेन. पण त्या वयात मला वाटायचं, इंजिन नसताना गाडी चालते ती अण्णांच्या मनानं चालते.

आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे बजाजनगरला राहायला आले. पाडव्याच्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली आहे, म्हणाले, समोरचं बरं दिसतं. रिकाम्या रस्त्यावर, दिवसा, कुणी शेजारी बसलं तर गाडी थोडीफार चालवतील, पण पुढं किती दिवस ते सांगता येत नाही. परतताना रिक्षात अण्णांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्याची गाडी हाकली. एक बार आपल्या सोताच्या गाडीनं चौक्याचा घाट उतरायचा व्हता. ऱ्हायलंच ते."

त्यांनी मागितलं काहीच नव्हतं, पण मला कळलं होतं. मी त्याच संध्याकाळी गाडी बघायला सुरुवात केली. महिन्याभरात गाडी दारात, असं ठरवलं होतं मी, मनातल्या मनात.

मग ते सुरू झालं, बावीस आणि चोवीस.

वैशाखात एकदा अण्णांना शोरूमला घेऊन गेलो. त्यांनी पांढरं धोतर नेसलं, टोपी घातली, दाढी केली. आत एसीत ते गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत उभे राहिले. बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा सपाट, सावकाश. विक्रीवाला पोरगा तरतरीत होता. त्यानं मला आकडे सांगितले. मध्येच अण्णांनी विचारलं, "अन् उतारावर न्यूटल केल्यावर किती देती?"

पोरगा हसला. वाईट हेतूनं नव्हे, पण हसला. "काका, ते जुनं झालं. आता उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची, रेसवरून पाय काढायचा. पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रल केली तर उलट थोडं जास्तच जातं. शिवाय सेफ नाही ते."

"असं व्हय," अण्णा म्हणाले. हात बॉनेटवरच होता, फिरायचा थांबला होता.

तिसऱ्या दिवशी घरी चहा पिताना अण्णा मला म्हणाले, "मंग आमी इतकी वर्सं घाटात काय करीत व्हतो रं?" मी घाईघाईनं सांगितलं की तुमच्या जीपला तेच बरोबर होतं, ते इंजिनच वेगळं होतं. खरंही होतं ते. पण माणसाला दुसऱ्यानं समजूत घातलेली कळते. तेव्हाच उठून जायला हवं होतं मी, कुठलीही एक गाडी बोट दाखवून घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी काय केलं? त्या पोराचा नंबर ब्लॉक केला आणि दुसऱ्या शोरूमला गेलो.

आषाढात म्हटलं, पावसात नवी गाडी कशाला चिखलात घालायची. श्रावणात एक गाडी पक्की केली, तर पाहिजे तो रंग दीड महिना येणार नव्हता. मला गाडी लाल हवी होती का करडी, ह्यानं काय फरक पडणार होता ते आज विचारा. अण्णांनी दोनदा विचारलं, "काय झालं रं गाडीचं?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "बघू अण्णा." पुढं पितृपंधरवडा आला. त्यात कुणी गाडी घेत नाही. त्यानंतर दसरा, आणि दसऱ्याला सूट मिळते. झालं, सगळं कसं शहाणपणाचं होतं. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होतं आणि एकही कारण खोटं नव्हतं. ह्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दरम्यान घरात काय चाललं होतं ते बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. अण्णा ताटातल्या कडेच्या लोणच्याला हात लावेनासे झाले. चपलेचा एक पाय सापडायचा, दुसरा शेजारी असून सापडायचा नाही. ते कुणाला सांगत नव्हते. तिनंच वाट्या सरकवून ताटाच्या मधोमध ठेवायला सुरुवात केली होती.

दसऱ्याला सकाळी गाडी घ्यायला गेलो. शोरूममध्ये झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, नारळ, आणि फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर लांबीची चावी. मी म्हणालो, खरी चावी अण्णांच्या हातात द्या. व्यवस्थापकांनी बाजूनं पुढं होत चावी धरली. अण्णांनी हात पुढं केला आणि चावीच्या वीतभर अलीकडे मूठ मिटली. रिकामी मूठ. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. तो माझ्या मोबाइलमध्ये आहे, मी तो उघडत नाही.

अण्णांनी मूठ उघडली, चाचपून चावी घेतली, माझ्याकडे वळले आणि ती माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. "तूच चालव," म्हणाले. "मला आता न्हाई जमायचं."

गावाकडे सोनं द्यायला जायचं ठरलेलंच होतं. बायको मागं आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन बसली, अण्णा माझ्या शेजारी. हर्सूल गेलं, सावंगी गेली. समोर पडद्यावर गाडी किती देते आहे त्याचा आकडा नाचत होता. सहा महिने ज्याच्यासाठी जीव टाकला तो हाच आकडा, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

घाट आला. अण्णांची मान समोर, नजर कुठंतरी काचेच्या मध्ये. पण रस्ता खाली कलला तसे ते सीटवर जरा सावरून बसले. "उतार लागला," म्हणाले. त्यांना तो दिसला नव्हता, कमरेला कळला होता. आणि त्यांचा हात, इतक्या वर्षांनी आणि चुकीच्या बाजूनं, उजवा हात, गिअरच्या शोधात पुढं आला. तो माझ्या हातावर पडला.

मी हात खालून काढून घेतला. दांड्याची मूठ त्यांच्या हाती राहिली.

"क्लच," अण्णा म्हणाले.

पुढं रस्ता मोकळा होता, वेगही कमी होता. मी क्लच दाबला. त्यांनी दांडा अलगद ओढून मधोमध आणला, दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून खात्री केली. न्यूटल. इंजिन चालूच होतं, त्याला मी हात लावला नाही, पण त्याचा आवाज इतका खाली गेला की टायर आणि वारा दोन्ही ऐकू यायला लागले. माझा पाय ब्रेकवर होता. मागून बायको म्हणाली, "अहो, बंद पडली का काय?" अण्णा मागं न बघता म्हणाले, "न्हाई पडली. निवांत बस, पोरी."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती देती आता? बघ बरं."

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा झरझर वर चढला होता. गिअरमध्ये ठेवली असती तर तो ह्याच्याही वर गेला असता, हे मला माहीत होतं. "साठ देतीये अण्णा," मी म्हणालो.

"साठ!" ते म्हणाले. "अन् ते पोरगं म्हनत व्हतं, जुनं झालं."

उतार संपत आला तेव्हा इंजिन काही वेगळं बोललं नव्हतं, रस्ताही मला अजून कललेलाच वाटत होता, पण त्यांनी सांगितलं, क्लच, आणि दांडा बरोबर घरात बसवला, जराही खडखड न होऊ देता. मग हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. आपल्या स्वतःच्या गाडीचं अण्णांनी जे काही चालवलं ते एवढंच. एक न्यूटल आणि एक गिअर.

मला अजूनही रस्त्यात कुणी ना कुणी विचारतं, किती देते? मी बावीस सांगतो, कधी तेवीस. काल दुपारी पुन्हा दार उघडलं, तो वास आला, आणि मी स्वतःशीच करवादत सीटवरचं प्लास्टिक ओढायला लागलो. अण्णा ओट्यावर बसले होते. आवाजावरून त्यांना कळलं असावं, कारण ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, नवीच हाय अजून." आणि मग, जरा थांबून, "ऐतवारी जायाचं का रं पुन्ना? घाटापस्तोर?"

ओठांवर तो शब्द आला होता. सवयीचा आहे, पटकन येतो.

"ऐतवारी कशाला," मी म्हणालो, "उठा. आत्ताच जाऊ."