भाता ओरडतो तेव्हा

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना चळाचळा कापायचे. पुढे कळलं की त्यांचं सगळं तोंडातच आहे, मनात काही नाही. त्यांनीच शब्द टाकून मला आपल्या प्रयोगशाळेत चिकटवलं. तिथे औषधासाठी सापांचं विष काढतात. जाऊबाई सापांच्या खोलीत, मी शेजारी उंदरांच्या. थोडक्यात, त्यांच्या सापांची स्वयंपाकीण मीच.

सापांचं जे काही कळतं ते मला त्यांनीच शिकवलं. भुकेला साप आवाज करत नाही. जीभ चाळवत सावकाश पुढे येतो आणि झडप घातली की विषात काटकसर करत नाही. म्हणून उंदीर हाताळल्यावर वास जाईपर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय कुठल्याच पेटीजवळ जायचं नाही. घाबरलेला साप मात्र खोली डोक्यावर घेतो. आमच्याकडे एक जाडजूड साप होता. झाकण उचललं की लोहाराच्या भात्यासारखा सुरू व्हायचा, म्हणून जाऊबाईंनी त्याचं नावच भाता ठेवलं होतं. मी दारातूनच माघारी फिरायचे.

"ओरडणाऱ्याला काय भ्यायचं?" त्या म्हणायच्या. "जवळ येऊ नको, एवढंच सांगतोय बिचारा. विष त्याच्या जेवणासाठी असतं. आपण थांबलो की तोही थांबतो, नाही थांबलो तर मात्र चावतो. गप्प पुढे येतो ना, त्याला काहीतरी हवं असतं."

त्यांचे कान गेलेत हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. शेजारी कुकर शिट्ट्या मारून दमला आणि जाऊबाई निवांत भाजी चिरत होत्या. मग मी नीट लक्ष दिलं. पाठीमागून हाक मारली तर ओ नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगून टाका, असं मी त्यांना हळूच सुचवलं. हळूच म्हणजे त्यांना ऐकू जाईल इतपत. त्यांनी उडवून लावलं. म्हणाल्या, धोका गप्प सापाचा, आणि गप्प साप बघायला डोळे लागतात, कान नाहीत. आपल्या सगळ्या शहाणपणाचं त्यांनी बहिरेपणावर असं पांघरूण घातलं होतं.

शेवटी माझा ताबा सुटला. भर कामाच्या वेळी, चार लोकांसमोर, मी ओरडले की तुम्हाला ऐकू येत नाही आणि एक दिवस जीव जाईल. ते बरोबर ऐकू आलं.

"माझ्या खोलीवर डोळा आहे तुझा," त्या म्हणाल्या.

मला फार लागलं ते. ती खोली म्हणजे त्यांचा जीव की प्राण, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानंतर आमचं बोलणं बंद. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा माझ्या नवऱ्यामार्फत कळायचं.

अशाच अबोल्यात एकदा मी उंदीर पोचवायला गेले. जाऊबाई भात्याच्या पेटीतली पाण्याची वाटी उचलायला वाकल्या होत्या. नजर वाटीवर. भाता टम्म फुगून असा फुत्कारत होता की मला दारापर्यंत ऐकू येत होतं. मी हाक मारली. ना त्यांनी त्याचं ऐकलं, ना माझं. हात आणखी आत गेला आणि त्याने धडक दिली.

मी धावले. मनगट उलटसुलट करून दोघींनी पाहिलं. दाताची खूण नव्हती. बंद तोंडानेच ढकललं होतं त्याने. जाऊबाईंनी झाकण लावलं आणि स्टुलावर बसल्या.

"कधीचा ओरडत होता?"

"तुम्ही झाकण काढल्यापासून."

त्यांनी मनगट चोळलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाल्या, "माझी जागा हवी असती, तर तू गप्प बसली असतीस."

मला रडू आवरेना. त्यांनी पदराने माझं नाक पुसलं आणि तशाच साहेबांकडे गेल्या.

आता सापांची खोली माझ्याकडे आहे आणि उंदरांची त्यांच्याकडे. उंदरांवर त्या घरी ओरडतात तशाच ओरडतात. मी भात्याची पेटी उघडली की हातातलं काम टाकून दारात येतात.

"ओरडतोय ना?"

मी मान डोलावते.

"मग थांब जरा," म्हणतात आणि माझा हात बाहेर येईपर्यंत तिथेच उभ्या राहतात.