दोन काचांच्या मधली हवा

बारामतीत तेव्हा पाच मजले म्हणजे मान वर करून बघायची उंची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका मालकांना मुंबईत पाहिली तशी काचेची इमारत हवी होती, तीही पश्चिमेला तोंड करून. मी नुकतीच पुण्याहून आर्किटेक्ट होऊन आलेले, जिभेला हाड नव्हतं. "मालक, उन्हाळ्यात माणसं भाजून निघतील आत," असं तोंडावर सांगितलं. मग उपायही मीच सुचवला. बाहेर एक काच, आत खिडक्यांची दुसरी काच, मध्ये दोन फूट जागा. त्या जागेला तळाशी जाळी आणि गच्चीच्याही वर जाळी. मधली हवा उन्हानं तापते, वर चढून निघून जाते आणि जाताना खोल्यांमधली हवा ओढून नेते. मग पूर्वेच्या सावलीतली गार हवा आपोआप आत येते. परदेशातल्या उंच इमारतींची ही युक्ती मी पुस्तकात वाचली होती. तिचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

इमारत उभी राहिली तेव्हा शेळगावात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दमा वाढला होता. डॉक्टर बारामतीत, म्हणून मालकांनी वरच्या मजल्यावरची एक खोली आबांना आणि आईला राहायला दिली. आबांनी उमेदीत मेंढरं राखलेली. रानात मेंढरं बसवायची जागा ठरवताना ते लोकरीची चिमूट सोडून वारं बघायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी घोंगडीची लोकर उपटली आणि खिडकीपाशी सोडली. ती बाहेर ओढली गेली आणि दोन काचांमधून सरळ वर चढली.

"आयला, चढतंय की गं!" आबा म्हणाले. "रानात आमी वाऱ्याच्या मागं हिंडायचो. तू त्याला हितं कामाला लावलंस."

"जीव घाबरला की ही खिडकी उघडायची, आबा," मी म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली आणि चिमणीची काजळी उडून यायला लागली. आमच्याकडे ती सगळीकडेच पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात, ताटात. जाळीतून ती आत शिरली आणि काचा आतून काळ्या झाल्या. मालक वैतागले. मी तळाला आणि वर, दोन्ही जाळ्यांवर पत्रे बोल्टनं बसवून घेतले. थंडीच होती, मधली हवा कोंडल्यामुळे खोली उबदार राहिली, आबांना उलट बरंच वाटलं. हंगाम संपला की पत्रे काढायचे, एवढं सोपं होतं.

पण त्या वर्षी रानात ऊस उदंड उभा राहिला आणि गाळप उन्हाळ्यात शिरलं. मी तोवर इंदापूरला दुसऱ्या कामावर. मालकांचा फोन आला, "मॅडम, पत्रे काढू का? गरम व्हायला लागलंय."

पुण्याहून काही आर्किटेक्ट ही इमारत बघायला येणार होते. मला काचा लख्ख हव्या होत्या. "पाहुणे येऊन जाऊ द्या, मग काढा," मी सांगितलं. पाहुण्यांनी एकदा तारीख बदलली, मग दुसऱ्यांदा बदलली. पत्रे तसेच.

मग एका सकाळी आईचा फोन. "खोली लई तापतीया गं. ह्यांना दम लागलाया."

साइटवर स्लॅबचं काम चाललेलं, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी खेकसले, "अगं, मग खिडकी उघडा ना! कशाला ठेवलीय ती?"

पत्रे लावलेत हे मला त्या क्षणी आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते मलाच माहीत नाही.

दुपारी आई औषध आणायला खाली गेली. परत आली तेव्हा आबा उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसलेले, मान कलंडलेली.

मी एसटीनं पोचले. खिडकीत हात घातला, तर दोन काचांमध्ये कोंडलेली हवा भट्टीतून यावी तशी अंगावर आली. मी आधी खाली गेले, वॉचमनकडून पाना घेतला आणि तळाचे पत्रे स्वतः काढले. मग वर येऊन आबांकडे बघितलं. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं, आज ना उद्या व्हायचंच. मी मान हलवली. रडू आलं नाही. जेवायला दिलं की जेवत होते, झोप म्हटलं की झोपत होते. दशक्रियेला कोण आलं होतं, तेसुद्धा आठवत नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "लेकीनं सांगितलं तसंच केलं त्यांनी. खिडकी उघडून बसलं व्हतं." ती कौतुकानं सांगत होती. मी तिला पत्र्यांचं कधीच सांगितलं नाही.

महिन्याभरानं पुण्याचे पाहुणे आले. दोन्ही जाळ्या तोवर मोकळ्या झालेल्या, काचा पुसलेल्या. मी सगळं समजावून सांगितलं, आकृती काढून दाखवली, चहा दिला. आवाज कुठं अडखळला नाही. वरच्या खोलीत त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "इथं कुणी राहून बघितलंय का?"

"माझे वडील राहायचे."

"अरे वा! मग काय म्हणतात ते?"

"त्यांची काही तक्रार नाही," मी म्हणाले.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.