न बुडणारं कासव

खोपोलीच्या कारखान्यातली आमची लॅब बंद झाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. स्वेच्छानिवृत्ती घ्या, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यात स्वेच्छा किती होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी घेतली. लग्न केलेलं नव्हतं, आई जाऊन काही वर्षं झाली होती, कर्जतला दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. सकाळी उठून डबा भरायची सवय मात्र बरेच दिवस सुटली नाही. डबा भरायचा आणि दुपारी घरीच उघडून खायचा.

माझा मोठा भाऊ पळसदरीजवळच्या गावात राहतो. शेती आहे, आणि घरामागे त्यानं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. त्या खोल्यांत उतरलेल्या एका मुलीनं जेवताना सहज सांगितलं, की ती मालदीवला एका बेटावर राहून जखमी समुद्री कासवांची देखभाल करून आली. डॉक्टर तिथले असतात, आपण हाताखाली काम करायचं. वयाची अट नाही. मी तिला खोदून खोदून विचारलं, ते भावाच्या लक्षात आलं.

पाहुणे झोपायला गेल्यावर तो म्हणाला, “काय गं, जायचं हाय का काय तुला?”

“बघते.”

“काम आपन करायचं आन् खर्च पन आपनच करायचा? ही कुठली नोकरी?”

“नोकरी नाहीच ती.”

“आपल्या धरनात कासवं नायत? त्यांना घाल की खायाला.”

तो चिडून बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि मलाही नीट सांगता आलं नसतं. मला कासवांबद्दल विशेष प्रेम नव्हतं. रोज सकाळी कुठेतरी हजर व्हायचं असलं की मला बरं वाटतं, एवढंच.

एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून मी मैत्रिणीला विचारलं. आम्ही शाळेपासूनच्या. तिच्या माहेरच्यांचं कर्जतच्या बाजारात कापडाचं दुकान. घराणं मूळचं मुरुडकडचं, मुसलमान खलाशांचं. पण दोन पिढ्यांत त्यांच्यातलं कुणी समुद्रावर गेलेलं नव्हतं. तिचा नवरा आखातात नोकरीला होता. लग्नानंतर तिचा पासपोर्ट काढला, व्हिसा येईल म्हणून ती कित्येक वर्षं थांबली, आणि व्हिसा यायच्या आधी नवरा तिकडेच हार्ट अटॅकनं गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परतली आणि भावाच्या दुकानात बसू लागली. सकाळी दुकान उघडायची, ते रात्री बंद होईपर्यंत गल्ल्यामागे तीच. मी विचारलं तेव्हा ती साडीची घडी घालत होती. घडी पूर्ण केली आणि म्हणाली, “पासपोर्ट नवा करायला लागेल. जुना मी एकदा पन वापरला नाय.”

दीडेक महिन्यासाठी आम्ही गेलो.

बेट लहान होतं. एका टोकाला मशीद आणि वस्ती, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली पाण्याच्या गोल टाक्या. प्रत्येक टाकीत एक कासव. कुणाचा पाय तुटलेला, कुणाच्या पाठीवर बोटीच्या पंख्याचे घाव. डॉक्टर युरोपातली होती, आमच्यापेक्षा बरीच तरुण, कमी बोलणारी. बाकीचे मदतनीस कॉलेजच्या वयाचे, निरनिराळ्या देशांतले. आम्ही दोघी साडेपाच फुटांच्या आतल्या, चष्मेवाल्या, सगळ्यांत वयस्कर.

काम म्हणजे मुख्यतः साफसफाई. टाकी रिकामी करायची, घासायची, पुन्हा समुद्राचं पाणी भरायचं. माकुलं, म्हणजे स्क्विड, आणि मासे कापायचे. टूथब्रशनं कवचावरचं शेवाळ काढायचं. मला ते जमलं, कारण लॅबमध्ये मी वेगळं काही करत नव्हते. भांडी स्वच्छ ठेवायची आणि मापात चूक करायची नाही. मैत्रीण मात्र पहिल्याच दिवशी होडीतून जाताना इतकी ओकली, की तिला पुन्हा होडीत बसवायचं नाही असं ठरलं. खलाशांच्या घरातली ती, आणि भातशेतीवाल्यांच्या घरातली मी मजेत होडीच्या टोकाला बसलेली. यावर आम्ही पुष्कळ हसलो.

वस्तीत मात्र उलटं झालं. ती डोक्यावर ओढणी घेऊन मशिदीच्या बाजूनं चालत गेली की बायका तिला दारातून हाक मारायच्या. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. तरी ती तासभर बसून यायची, केळीच्या पानात काहीबाही बांधून आणायची. मला त्या बायका हसून खुर्ची द्यायच्या. मी पाहुणी होते.

दुसरा आठवडा संपत आला असताना ते कासव आलं. मच्छीमारांनी आणलं होतं. मोठ्या परातीएवढी मादी, जाळ्याच्या गुंत्यात अडकलेली. कुठल्या तरी बोटीनं टाकून दिलेलं किंवा तुटलेलं जाळं महिनोन्‌महिने समुद्रात भटकत राहतं आणि जे सापडेल ते पकडत जातं, कुणासाठीही नाही. तिच्या पुढच्या डाव्या पायाला दोरी इतकी रुतली होती, की हाड दिसत होतं. वास येत होता. डॉक्टर दोऱ्या कापत गेली आणि मी तुकडे बाजूला ठेवत गेले. त्यात तरंगायला बांधलेला एक प्लास्टिकचा कॅन होता. त्यावर रंगानं काहीतरी लिहिलेलं. मी पुसलं, तर देवनागरी अक्षरं.

डॉक्टरनं विचारलं, “तुमच्या देशाचं आहे?”

“हो.”

“काय लिहिलंय?”

पुढची अक्षरं उडाली होती. मागचा एकच शब्द उरला होता, ‘प्रसन्न’. आमच्याकडे बोटींवर, ट्रकवर, दुकानांवर असतो तसा. मी तिला अर्थ सांगायचा प्रयत्न केला.

“म्हणजे कुणीतरी खूश आहे,” ती म्हणाली. “कोण?”

“देव. पण कुठला ते पुसलं गेलंय.”

ती पुढची दोरी कापायला लागली. बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली असं म्हणता येणार नाही. ते जाळं माझं नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याचंही जाळं हरवल्यामुळे नुकसानच झालं असणार. मी कॅन धुऊन कचऱ्याच्या ढिगाशेजारी ठेवला.

पाय वाचणार नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं तो काढायचं ठरवलं आणि मदतीला मला घेतलं, माझा हात थरथरत नाही म्हणून. मैत्रिणीनं आधीच सांगून टाकलं, “मला नाय बघवनार,” आणि ती समुद्राकडे तोंड करून बाहेर बसली. भूल दिली. मी हत्यारं देत होते, कापूस देत होते. कासवाचा श्वास इतक्या सावकाश येतो, की प्रत्येक वेळी वाटतं हा शेवटचा. ते काम चाललं होतं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मी पुढची वस्तू कोणती लागेल एवढंच बघत होते. संपल्यावर हात धुतले आणि मी मोरीच्या कठड्यावर बसले.

जखम चांगली भरत आली. पण तेव्हा नवीन अडचण कळली. तिला पाण्याखाली जाता येत नव्हतं. जाळ्यात अडकून धडपडताना फुप्फुसाला इजा झाली होती, हवा शरीरात भलत्या जागी साठली होती. एक्स-रेत ती हवा काळी दिसली. त्यामुळे ती तरंगायची, मागची बाजू वर उचललेली. उरलेल्या तीन पायांनी जोर लावायची, डोकं खाली घालायची, थोडीशी जायची आणि बुचासारखी वर यायची. समुद्रात सोडली असती तर उन्हानं भाजून मेली असती, नाहीतर बोटीखाली आली असती. अशी कासवं कधी काही महिन्यांत बरी होतात, कधी होतच नाहीत, असं डॉक्टरनं सांगितलं.

तिथं प्रत्येक कासवाला नाव ठेवायची पद्धत होती. हिलाही मुलांनी काहीतरी ठेवलं. आम्ही दोघी तिला नुसतं ‘ती’ म्हणायचो. मैत्रीण हळूहळू तिच्याच टाकीपाशी राहू लागली. माशाचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याखाली न्यायची, म्हणजे तो घ्यायला ती खाली येईल. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मी शेजारची टाकी घासत असायचे, मला तिचं बोलणं ऐकू यायचं.

“जा गं बाय, खाली जा. थोडं अजून. काय नाय होत. जा.”

एकदा मी म्हणाले, “तिला मराठी कळत नाही गं.”

“मला पन तिची भाषा येत नाय. चाललंय ना आमचं?”

आमची परतायची वेळ आली. मी बॅग भरत होते. मैत्रीण खाटेवर बसून होती, तिची बॅग भिंतीला तशीच.

“मी नाय येत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“डॉक्टरशी बोलले. व्हिसा वाढवून मिळतो. अजून थोडे महिने राहते.”

“घरी काय सांगू?”

“मी सांगेन फोनवर. तू काय सांगू नको.”

मी तिला समजवायला हवं होतं का, हा विचार मी विमानात केला. त्या वेळी केला नाही. तिची ओढणी दोरीवर वाळत होती, ती मी काढून तिला घडी करून दिली, एवढंच.

मी कर्जतला परत आले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचा भाऊ आला. तिच्याहून धाकटा, सभ्य माणूस. चपला दारात काढल्या, पाणी प्याला आणि मग म्हणाला, “तुमी दोघी गेलात. तुमी एकट्याच कशा आलात?”

“तिला राहायचं होतं.”

“लोक इचारतात मला. काय सांगू? बहीन कासवं सांभाळते?”

“तसं सांगायला काय हरकत आहे? खरंच आहे ते.”

“आन् दुकान?”

दुकान हा शब्द आपल्या तोंडून लवकर गेला हे त्यालाही कळलं असावं. तेवढ्यात मीच फोन लावला, व्हिडिओवर. ती टाकीपाशी होती, उन्हानं चांगलीच रापलेली. भावाला बघून तिनं सलाम केला, आणि कसा आहेस, पोरं कशी आहेत, हे विचारून झाल्यावर फोन पाण्याकडे फिरवला. तो बराच वेळ बघत राहिला.

“हे नुसतं वर तरंगतंय, आपा.”

“हां. खाली जाता येत नाय तिला.”

“मग तू काय करते?”

“शिकवते.”

तो हसला नाही. निघताना मला म्हणाला, “तब्येत बरी दिसते तिची.” ती तक्रार होती का समाधान, ते त्याच्या आवाजावरून कळत नव्हतं.

कासव खाली जायला शिकलं नाही. औषधं झाली, सुईनं हवा काढून झाली, चार दिवस बरं वाटायचं आणि ती पुन्हा वर यायची. तिला समुद्रात सोडता येणार नाही हे शेवटी डॉक्टरनं मान्य केलं. मग खूप पत्रव्यवहार, परवानग्या, आणि एका थंड देशातल्या मोठ्या मत्स्यालयानं तिला घ्यायची तयारी दाखवली. तिथं मोठं तळं, कायमचा डॉक्टर, काचेपलीकडे माणसं. पाठीवर वजन चिकटवून तिला खाली राहता येईल अशी सोय ते करणार होते. लाकडी पेटीत, ओल्या टॉवेलांत गुंडाळून तिला विमानानं नेलं. पेटी बंद करायला मैत्रीण होती. मी फोनवर विचारलं, रडलीस का. म्हणाली, “नाय. पन त्या दिवशी जेवले नाय.”

मला स्वतःला ती बातमी ऐकून काय वाटलं हे मी नंतर शोधून पाहिलं. समुद्रात परत गेली असती तर बरं झालं असतं. मेली असती तर वाईट झालं असतं. हे या दोन्हींतलं नव्हतं, आणि त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. ती जिवंत आहे, खाते आहे, असं कळत असतं.

मैत्रीण परत आली ती आधी माझ्याकडे उतरली. चार दिवस राहिली. भावाकडे गेली, मुलांना खाऊ दिला, आणि त्याच बैठकीत सांगितलं की मी भिवपुरीला स्टेशनाजवळ खोली घेतेय. दुकानात येईन, पण सकाळी येईन आणि दुपारी जाईन. आणि पगार घेईन. भावजय आत निघून गेली. भाऊ महिनाभर तिच्याशी मोजकंच बोलला. मग पगार सुरू केला.

खोलीत सामान हलवायच्या दिवशी टेंपो त्यानंच सांगितला आणि स्वतः पुढे बसून आला. तिच्या लग्नातलं लोखंडी कपाट जिन्यातून चढत नव्हतं. तो, ड्रायव्हर आणि मी, तिघांनी मिळून ते तिरकं केलं. मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यानं वर उभ्या असलेल्या बहिणीला विचारलं, “आपा, परत जानार काय तू तिकडं?”

“पुढच्या हिवाळ्यात.”

“आन् ही खोली?”

“कुलूप लावून जाईन. चावी तुझ्याकडे ठेवीन.”

कपाटाच्या खालच्या कडेला त्यानं पुन्हा हात घातला आणि मला म्हणाला, “तुमी जरा भिंतीकडनं धरा, ताई. बोटं सांभाळा.”