हेलिकॉप्टरवाल्याला विचारायचं नसतं

मी पदवीधर झालो तो गुरुजींमुळे. एटापल्लीकडच्या आमच्या गावातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेले नव्हते. माझा प्रवेश अर्ज गुरुजींनी भरला आणि एसटीने चंद्रपूरपर्यंत मला सोडायलाही तेच आले. त्याच गुरुजींना मी एकदा गप्प बसवले. ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी चंद्रपूरला पोलीस निरीक्षक होतो. गुरुजींचा मुलगा सैन्यातून निवृत्त झालेला हेलिकॉप्टर पायलट. परदेशातल्या एका खाण कंपनीत तो करारावर गेला होता. गुरुजी ठाण्यात आले. मी खुर्ची पुढे केली तरी ते बाकावरच बसले.

“पोरगा कुठी आहे ते सांगत नाई गा. काम गोपनीय आहे, विचारू नका म्हणते. तुले काई समजते काय?”

मी हसून म्हणालो, “गुरुजी, हेलिकॉप्टरवाल्याले विचारायचं नसते.”

मला ते मनापासून खरे वाटत होते. माझी उमेदीची वर्षे गडचिरोलीत, नक्षलविरोधी पथकात गेली. सकाळच्या धुक्यात सागाच्या शेंड्यांवरून हेलिकॉप्टर जायचे. पाने थरथरायची. मोहफुले वेचणाऱ्या बाया वर पाहायच्या आणि पुन्हा खाली वाकायच्या. कुठे चालले, कुणाला आणायला, हे कुणी विचारत नसे. आवाज विरला की ते खरेच आले होते का, असे वाटायचे. न विचारणे हीच आमची शिस्त होती.

गुरुजींनी मान हलवली आणि ते परतले.

दोन महिन्यांनी, भर उन्हात, ओढणीने तोंड बांधलेली एक मुलगी ठाण्यात आली. पायलटांना परदेशी पाठवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात ती टायपिंग करत होती.

“साहेब, माझं नाव कुठी येऊ देऊ नका. तिकडून एका पायलटचे मेसेज येऊन राह्यले. मालक म्हणते, उत्तर देऊ नको.”

तिने मोबाइलवर आवाज ऐकवला. आवाज ओळखीचा होता. तो गुरुजींचा मुलगा होता. झोपेत बोलावे तसा संथ बोलत होता.

“खाली नुसतं जंगल आहे. नदीवर धुकं दिसलं की वाटते, आता प्राणहिता येईन, आता अहेरी. मशीनमध्ये बिघाड आहे म्हणून मी उडवत नाई म्हटलं, तर कंपनीवाले इथी आल्यावर सही घेतलेला दुसरा करार दाखवते. पासपोर्ट आणि चंद्रपूरच्या कराराची माझी कॉपी त्यायनंच ठेवून घेतली. दूतावासाले तो करार दाखवावा लागते. बारा दिवसांनी व्हिसा संपते, मग मले अटक होईन. कॉपी पाठवा. बाबाले सांगू नका.”

मी स्टेशन डायरीत नोंद करून एजंटला बोलावले.

“करार गोपनीय असते साहेब. तुम्ही तर पोलीसवाले, तुम्हाले समजते.”

हवालदारांनी चहा पुढे सरकवला. “घ्या भाऊ. हा गोपनीय नाई.”

मला हसू आले नाही. माझेच वाक्य समोरून येत होते. मी आवाज न चढवता विचारले, “कुणाचा आदेश? जावक क्रमांक काय?”

आमच्या खात्यातल्या प्रत्येक गोपनीय कागदावर कुणाची तरी सही असते, उद्या त्याला जाब विचारता येतो. याच्याजवळ फक्त ओठांवर ठेवलेले बोट होते. एजंटने कप बाजूला सारला.

“गडचिरोलीकडले मायबाप हेलिकॉप्टर म्हटलं की चूप बसते, साहेब. काई विचारतच नाई. म्हणून तर कंपनीले तिकडलीच पोरं पाहिजे असते.”

त्याच्या कपाटात मूळ करार सापडला. पासपोर्ट पायलटजवळच राहील, परतीचे तिकीट कंपनी देईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पंचनामा करून तो जप्त केला. प्रत त्याच संध्याकाळी तिथल्या भारतीय दूतावासाकडे गेली. नऊ दिवसांनी पासपोर्ट मुलाच्या हातात पडला.

गुरुजींना फोनवर नीट ऐकू येत नसे. म्हणून मी पत्र लिहिले आणि शिपायासोबत गावी पाठवले.

“पूज्य गुरुजी,

साष्टांग नमस्कार. तुमचा मुलगा उद्या दुपारी नागपूरला उतरतो आहे. मी स्वतः आणायला जातो. परवा सकाळी त्याला घरी पोचवतो.

त्या दिवशी तुम्ही विचारले ते योग्यच होते. मी शिकलेला, गणवेशातला, म्हणून तुम्ही माझे ऐकलेत. तो तिथे एकटा पडला, त्यात माझाही वाटा आहे.

तो घरी आला की सगळे विचारा. कुठे होता, काय जेवला, भीती वाटली का. तो टाळेल. तरी विचारा.

तुमचा विद्यार्थी”